बारा वर्षं चाललेली फाइल

"फाइल कुणी बदलली?" साहेबांनी दारातूनच विचारलं. सकाळपासून पंप बंद होते आणि निम्म्या शहराचे नळ कोरडे पडले होते.

"मी, सर," नवी म्हणाली. सहा महिन्यांच्या बोलीवर आलेली पोर. तिला कायम करायचं की नाही, हे आजच ठरणार होतं.

मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? पाणीपुरवठ्याचा हा लुआ नावाच्या संगणकभाषेतला प्रोग्राम बारा वर्षं मी एकट्याने सांभाळला. कुणी कधी 'छान' म्हटलं नाही. आणि ही आल्यापासून ज्याच्या त्याच्या तोंडी 'तिला विचारा, तिला दाखवा.' तिचं भराभर टाइप करणंसुद्धा माझ्या डोळ्यांत सलायचं.

साहेब गेल्यावर ती खुर्ची ओढून जवळ आली. "काका, बघा ना. टाकीच्या फाइलमध्ये कमाल पातळीच्या नावाआधी 'लोकल' नव्हतं, ते घातलं. एवढंच केलं हो."

मला एका नजरेत कळलं. लोकल न लिहिलेलं नाव ग्लोबल होतं. फाइल लोड झाली की ते सगळ्या प्रोग्रामला दिसतं. ते लिहायला मीच विसरलो होतो. पुढे पंपाच्या फाइलमध्ये ते नाव आयतं मिळालं, म्हणून वापरत राहिलो. हिने ते टाकीच्या फाइलपुरतं केलं, म्हणजे बरोबरच केलं. पण पंपाच्या फाइलला पातळीच सापडेना.

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "अच्छा! पंपाची फाइल हीच पातळी वापरतेय. मग टाकीच्या फाइलमधून ती रिटर्न करू, म्हणजे बाहेर देऊ; पंपाची फाइल टाकीची फाइल लोड करताना ती मागून घेईल."

दोन ओळी. पंप सुरू झाले. माझा नुसता जळफळाट झाला.

"तुमचं नाव नाही सांगणार हं मी, काका. मीच सगळ्या फाइली तपासायला हव्या होत्या."

आता हिचे उपकारही घ्यायचे? मी तरातरा केबिनमध्ये गेलो. "साहेब, मूळ चूक माझी आहे. बारा वर्षांपूर्वीची."

साहेब हसले. "तिला पाठीशी घालताय होय? अहो, तुमची फाइल बारा वर्षं चालली. तिने हात लावला आणि बंद पडली. एवढं मोठं मन आजकाल कुणाचं असतं?"

त्यांनी तिचा कागद पुढे ओढला, 'कायम करू नये' असं लिहिलं आणि सही केली.

मी पुन्हा सांगायला हवं होतं.

"उभे का? बसा ना," साहेब म्हणाले.

मी बसलो.