गच्चीवरची बंद झडप

मी हवा बदलणारं यंत्र बोलतोय. क्वालालंपूरमधल्या एका काचेच्या इमारतीच्या गच्चीवर बसून तुम्हा माणसांचा उष्टा श्वास उपसणं, हे माझं काम.

माझ्या पोटात एक मोठं चाक आहे. बाहेर जाणाऱ्या हवेतला गारवा ते आत येणाऱ्या तापलेल्या हवेला देतं. हवाही ताजी, वीजही कमी. इतकं सोपं! तरी व्यवस्थापक लिम सुन कियातच्या टाळक्यात ते कधी शिरलं नाही. वीज वाचवणाऱ्या इमारतींची स्पर्धा लागली आणि या शहाण्यानं बाहेरची हवा आत घेणारी माझी झडपच बंद करवली.

आत दोनशे माणसं एकमेकांनी सोडलेली हवा ओढू लागली. दुपार झाली की जांभया, डोकेदुखी. “नासी लमाकचा नारळी भात जरा कमी हादडा, मग नाही झोप येणार,” लिम म्हणायचा. आणि ती मेंढरं हसायची!

माझी देखभाल करणाऱ्या झालेहाताई तेवढ्या भांडल्या. “बॉस, हवा तपासली मी. पार कोंदलीय. झडप उघडू द्या.”

“परीक्षक येऊन जाऊ देत गं. आठ दिवसांत कोणी मरत नाही.”

परीक्षक आले. एका बंद खोलीत चाळीस जण कोंबले. पाच महिन्यांची गरोदर सुगंती परीक्षकांना विजेचे आकडे वाचून दाखवता दाखवता थांबली, टेबल धरायला गेली आणि कोसळली.

झालेहाताई धावत गच्चीवर आल्या. त्यांनी झडप सताड उघडली आणि ती बंद करायचा दांडाच काढून पिशवीत टाकला. मागोमाग लिम धापा टाकत आला.

“दांडा दे इकडे! बक्षीस जाईल!”

“खाली पोरगी पडलीय, आणि तुम्ही जिने चढून इथं आलात?”

पिशवी खांद्याला लावून झालेहाताई खाली निघून गेल्या. आठवड्याभरात त्यांची दुसऱ्या इमारतीत बदली झाली. बक्षीस मिळालंच. भाषणात लिम म्हणाला, “ताजी हवा हा आमचा मंत्र आहे.” टाळ्याही पडल्या! असल्या माणसांसाठी मी रात्रंदिवस फिरतो.

सुगंती आणि पोटातलं बाळ सुखरूप आहेत. दांडा गेल्यामुळे झडप उघडीच आहे, पण हवा गाळणाऱ्या माझ्या जाळीवर बोटभर धूळ साचलीय. नवा देखभालवाला गच्चीवर फिरकत नाही.

मला तुमचे आभार नकोत, हारतुरे नकोत. जाळी तेवढी धुवा. तुमच्यासाठी मागत नाही मी. सोमवारपासून सुगंती पुन्हा कामावर येतेय.