पाच वाजताची शिट्टी

मित्रांनो, मला दोन माणसांचा श्वास आठवतो. एकाला विडीचा वास होता, दुसऱ्याला सुपारीचा. ती दोन्ही माणसे आता नाहीत. मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, नळीसारखी, बोटाएवढी लांब. माझ्या अंगावर आता हिरवट डाग पडले आहेत. माझी साखळी कधीच तुटली.

मला कुठे घडवले ते मला माहीत नाही. आठवते ते छिंदवाड्याच्या पोलीस कोठारातले लाकडी खोके आणि त्यातले गवत. तिथून मला उचलले ते केशवराव नावाच्या तरुण शिपायाने. तो इंग्रजांचा काळ होता. मी वाजले की रस्त्यावरची माणसे पांगत, बायका मुलांना आत ओढत आणि दारे धडाधड बंद होत. माझ्या एका आवाजावर अख्खी वस्ती बंद होते याचा मला मोठा अभिमान वाटायचा. ते सांगताना आज मला लाज वाटते.

पुढे स्वातंत्र्य आले. ठाण्यावरचा झेंडा बदलला, टोपीवरचा बिल्ला बदलला. मी तीच राहिले, आणि माझा आवाज ऐकून दारे बंद व्हायचीही तशीच राहिली.

केशवरावांची बदली सौंसरला झाली. तिथे त्यांच्या वाट्याला जिनामागची गल्ली आली. एका बाजूला कापसाच्या जिनाची, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याची, लांबच लांब भिंत होती, तिला एकही खिडकी नव्हती. समोर अठरा घरांची अठरा दारे होती. भिंतीच्या कट्ट्यावर गल्लीतलीच सातआठ पोरे दिवसभर बसून असत. पत्ते खेळत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर संत्र्याची साले फेकत. कन्याशाळा पाच वाजता सुटायची, आणि पोरींना घरी जायला दुसरा रस्ता नव्हता. मग त्यांच्या वेण्या ओढल्या जात, पाट्या हिसकावल्या जात. काय काय बोलले जाई ते मी सांगत नाही.

पोरींना घरोघरून गोळा करून शाळेत नेण्याचे आणि परत दारापर्यंत पोचवण्याचे काम अंबाबाईकडे होते. अंबाबाई विधवा होती, गल्लीच्या तोंडाशी वेगळ्या खोलीत राहायची. तिची स्वतःची मुलगी सुनंदा याच शाळेत चौथीत होती. अंबाबाईच्या हाताखाली अकरा पोरी होत्या. त्या पावसाळ्यात सहाच उरल्या. आईबाप म्हणाले, शिकून करायचे काय, रोज असले ऐकायचे त्यापेक्षा घरात बसलेली बरी.

केशवरावांनी प्रथम पोलीस करतो तेच केले. पोरांचा म्होरक्या विजय, तो पंधरा वर्षांचा होता. कपडे शिवणाऱ्या गुणवंताचा आणि वच्छलाचा एकुलता एक. त्याला त्यांनी कमरेच्या पट्ट्याने मारले. दुसऱ्या दिवशी त्या माराचा वचपा पोरींवर निघाला. एका पोरीची पाटी तिच्याच पायावर आपटून फोडली. केशवराव ते तुकडे हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

त्यानंतर ते दारोदार फिरले. मी त्यांच्या खिशावर लोंबकळत सगळे ऐकत होते.

"काय हो जमादार, आता काय गुन्हा केला आम्ही?" वच्छलाने विचारले.

"गुन्हा नाही वच्छलाबाई. पाच वाजता शिट्टी वाजली का दारात येऊन उभं राहायचं. बस."

"अन् करायचं काय?"

"काही नाही. पाहायचं फक्त."

"म्हणजे तुमची वाट पाहावी दारात? जावई आहा का तुम्ही आमचे?"

"जावयासारखा रुसणार तर नाही! चहाही मागत नाही."

वच्छला पदर तोंडाला लावून हसली. पण केशवरावांनी तिला उगीच हसवले नव्हते. जाताना ते हळूच म्हणाले, "पोलिसाले पाहून पोरगं पळते बाई. आईले पाहून खाली मान घालते. मले दुसरं पाहिजे."

पहिल्या दिवशी पाच वाजता मी वाजले, दोन वेळा, आखूड. आणि मित्रांनो, जुन्या सवयीने उघडी असलेली तीन दारेसुद्धा बंद झाली! केशवराव कट्ट्याजवळ एकटेच उभे. पोरे पोट धरून हसली. केशवराव रागावले नाहीत. त्यांनी एकेक कडी वाजवली. "उघडा मावशी, मीच आहो." "अहो, बाहेर या, लाठी नाही आणली."

महिनाभरात अठराच्या अठरा दारे उघडू लागली. कोणी तांदूळ निवडत उभी राही, कोणी कडेवर पोर घेऊन. कोणी काही बोलत नसे. मधून पोरी चालत जात आणि बायका नुसत्या पाहत. कट्ट्यावरून एखादा आवाज निघालाच तर वच्छला दारातूनच म्हणे, "विजा, घागर घे अन् पाणी भर." एवढ्या सगळ्यांच्या देखत घागर उचलायची म्हणजे काय ते त्या पोरांनाच ठाऊक. कट्टा हळूहळू रिकामा झाला. सहा पोरींच्या पंधरा झाल्या. छिंदवाड्याहून आलेल्या एका साहेबांनी ही गल्ली पाहून केशवरावांची पाठ थोपटली.

ज्या आवाजाने मी दारे बंद केली होती, त्याच आवाजाने मी ती उघडत होते. माझ्या आयुष्यातली ती तीन वर्षे खरी सुखाची.

मग छप्पन साल आले. भाषेप्रमाणे नवी राज्ये झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. गुणवंताच्या शिवणयंत्राभोवती दुसरी गोष्ट नव्हती.

"नागपूर गेलं बापा."

"गेलं म्हणजे? मोटर तं जाऊन राहिली ना तिथं?"

"मोटर जाते रे. सरकार नाही जात आता."

केशवरावांचे घर काटोलकडचे, म्हणजे नव्या सीमेच्या पलीकडचे. त्यांनी आपल्या गावाकडची नोकरी मागितली आणि ती मिळाली. सरकारी सामान ठाण्यात जमा करताना त्यांनी एकच खोटे लिहून दिले: शिट्टी हरवली. मला घेऊन ते अंबाबाईच्या घरी आले.

"हे ठेवा बाई तुमच्याजवळ."

"मले? मी का पोलीस हावो भाऊ?"

"पोलीस कशाले पाहिजे? गल्लीले सवय झाली आता. कोणीही वाजवली तरी दारं उघडतीन."

"अन् नाही उघडली तं?"

"पोरी त्यांच्याच हायेत ना?" केशवराव म्हणाले.

मित्रांनो, केशवराव चांगले होते, पण इथे ते चुकले. त्यांना वाटले, गल्ली शिकली आहे. गल्ली खाकी कपड्याला उठत होती. सरकारने बोलावले म्हणून दारात आले, असे शेजाऱ्याला सांगता येत होते. अंबाबाईच्या शिट्टीवर दार उघडायचे म्हणजे शेजारणीच्या पोराकडे आपण होऊन बोट दाखवायचे. आणि वच्छलाला तर आपल्याच पोराकडे.

अंबाबाईने मला प्रथम वाजवले तेव्हा बारा दारे उघडली. पुढच्या आठवड्यात सात. घराघरातून मला ऐकू येई, "अंबी फुंकून राहिली. फुंकू दे." हसणेही ऐकू येई. डिसेंबरात दोनच दारे उरली आणि कट्टा पुन्हा भरला. विजय आता अठरा वर्षांचा होता. पंधरा पोरींच्या नऊ झाल्या. सुनंदा सातवीत होती, तिला परीक्षेला चार महिने होते.

अंबाबाई मला रोज पदराने पुसायची. पोरी घराबाहेर पडेनाशा झाल्या की पुन्हा पडत नाहीत, एवढे ती जाणून होती. ती नऊचा आकडा धरून होती.

त्या दिवशी ऊन अजून भिंतीवर होते. विजयने सुनंदाच्या हातातले पुस्तक ओढले आणि त्याची पाने फाडून वाऱ्यावर सोडली. अंबाबाई मध्ये उभी राहिली. तिने मला ओठांत धरले आणि फुंकले. आखूड दोनदा नाही. एक लांब, श्वास संपेपर्यंत.

एकही दार उघडले नाही. मी ऐकत होते, कारण ऐकण्याशिवाय मी काय करणार? तिसऱ्या घरातून, वच्छलाच्या घरातून, कडी वर गेल्याचा आवाज आला. कडी थोडा वेळ वरच राहिली. मग हळूच परत खाली बसली.

तेव्हाच विजयच्या हातातून विटेचा तुकडा सुटला. त्याने नेम धरला होता की नुसता भेवडावायला भिरकावला होता, ते त्यालाच माहीत. तो अंबाबाईच्या कानामागे लागला. ती पडली, तिच्या दातांखाली माझ्यावर एक खाच पडली. ती आजही आहे. पोरे पळाली.

अंबाबाई उठली. तिने पोरी मोजल्या. नऊ. मग तिने आठ घरांच्या आठ कड्या वाजवल्या. प्रत्येक दार पोर आत जाईल एवढेच उघडले आणि मिटले. कोणी तिच्या पदरावरच्या रक्ताबद्दल विचारले नाही. नववी तिची स्वतःची होती. तिला घेऊन ती घरी आली, चूल पेटवली, सुनंदाला जेवू घातले आणि अंथरुणावर पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

ठाण्यातून माणूस चौकशीला आला. अठरा घरांनी एकच सांगितले: पाय घसरला. सुनंदाने खरे सांगितले, पण तिच्या बाजूने उभा राहायला साक्षीदार मिळाला नाही. विजयला बापाने पांढुर्ण्याला मामाकडे धाडले.

आणि मित्रांनो, अंबाबाई गेली त्याच संध्याकाळी पाच वाजता अठरा दारे उघडली. मी सुनंदाच्या मुठीत होते, मला कोणी वाजवले नव्हते. तरी सगळी गल्ली उंबऱ्यात येऊन उभी राहिली. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. गल्लीतून जायला मात्र कोणी नव्हते. पोरींना आणायलाच कोणी उरले नव्हते. तेरा दिवस ती माणसे रोज पाच वाजता अशी रिकाम्या रस्त्याकडे पाहत उभी राहत. तो देखावा आठवला की माझे पितळ अजून थंड पडते.

चौदाव्या दिवशी सुनंदाने पिशवी खांद्याला लावली, मला त्यात टाकले आणि सकाळी पहिल्या दारावर थाप मारली. "पाठवा." त्या दिवशी चार पोरी आल्या. परतताना तिने मला बाहेर काढले नाही.

महिन्याभराने वच्छला तिच्या घरी आली. ती बाहेरच उभी होती. डोळे खोल गेले होते.

"सुनंदे, एक विचारू का? रागावू नको माय."

"विचारा."

"तू शिट्टी काहून वाजवत राह्यते दुपारभर? भात कालवतो तं वाजते. डोळा लागला तं वाजते. लांबलचक."

सुनंदाने मला पिशवीतून काढले आणि तिच्या पुढे धरले. माझ्या तोंडावर धूळ बसलेली होती. "आईच्या मागे कोणी ओठाला लावली नाही ही."

वच्छलाने मला पाहिले. हात लावला नाही. "मंग मले कशी आयकू येते वं?"

मी वाजले नव्हते. पण माझ्यातला अंबाबाईचा तो शेवटचा श्वास कुठे गेला, हे मीही कधीपासून शोधत होते. तो मला त्या दिवशी वच्छलाच्या कानात सापडला.

सुनंदाने मला परत पिशवीत ठेवले. मग म्हणाली, "काकू, दारात तुम्ही रोजच उभ्या राहता. त्यानं आता काही होत नाही. पोरी चार आहेत. लहानग्या दोघींचा हात धरायला मला माणूस पाहिजे."

"मी? विज्याची माय? लोक काय म्हणतीन?"

"काहीच म्हणणार नाहीत. त्यांना बोलता येत असतं तर इतकं झालं नसतं."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता वच्छला उंबऱ्यावर आली. मग उंबरा ओलांडला. सगळ्या गल्लीच्या देखत रस्त्याच्या मधोमध आली आणि दोन लहान मुलींचे हात तिने धरले. भिंतीच्या टोकापर्यंत ती त्यांच्याबरोबर गेली. सुनंदाने तिला क्षमा केली का? मला माहीत नाही. तो दिवस त्या दोघींच्या बोलण्यात कधी आला नाही. पण सुनंदा सातवी पास झाली, पुढे त्याच शाळेत शिकवू लागली, आणि पाय थकेपर्यंत अकरा वर्षे वच्छला पोरी पोचवत राहिली. शेवटच्या वर्षी त्या तेवीस होत्या.

मित्रांनो, आता मी सुनंदाच्या कपाटात असते. घरातली मुले कधी मला हातात घेतात, वाजवायला बघतात. ती माझ्यावर तळहात ठेवते. मी तिला दोष देत नाही. माझे काही मागणे नाही. मला घासू नका, पूजेत ठेवू नका. फक्त तुमच्या गल्लीतून पाच वाजता जी पोर एकटी घरी जाते, तिचे नाव विचारून ठेवा. हाक मारायची वेळ येईल तेव्हा ते तुमच्या ओठांवर असू द्या.