मेण लावलेलं बाकडं

"प्रुइट आजोबा, तुम्ही गेल्यावर या स्की कोणाला मिळणार?"

विचारलं एकदाचं! पैज माझ्या मैत्रिणींनी, टेस आणि मार्गोनं लावली होती, आणि दोघी कुंपणामागे तोंडात हातमोजे कोंबून हसत होत्या. आजोबांच्या कोठारात बर्फावरून घसरायच्या जुन्या लाकडी स्कींचा ढीग आहे, आणि त्याला हात लावायची गावात कुणाची टाप नाही.

आजोबांनी मला न्याहाळलं. "तू कोच लामूरोची पोरगी ना? शेवटून पहिली येणारी?"

"तीच!" मी पदक मिळाल्यासारखी म्हणाले.

"मग माझ्या मरणाची वाट कशाला बघतेस? आत्ताच ने. पण चुलीत घालू नकोस, काहीतरी बनव."

मी बाकडं बनवायचं ठरवलं. हंगाम सुरू होताना चर्चच्या हॉलमध्ये स्की क्लबचं जेवण असतं, तिथे ते मांडायचं. दर शर्यतीनंतर लोक माझी पाठ थोपटून "पुढच्या वेळी हं, बाळा" म्हणतात. मला एकदा तरी "वा!" ऐकायचं होतं. खरं तर बाबाकडून.

खिळा आणि स्क्रू यांतला फरक कळतो, एवढ्या भांडवलावर मी सुतार झाले. एक पाय लांब झाला म्हणून कापला, मग दुसरा लांब वाटायला लागला. असं कापत कापत बाकडं पाटाच्या दिशेनं निघालं होतं, तेव्हा आईनं करवत लपवली. पुढचे पाय किंचित आखूड राहिले. राहू देत.

स्कींचे तळवे गुळगुळीत, म्हणून ते वर करून बसायची जागा केली. आणि शेवटचा हात म्हणून इस्त्री तापवून त्यांना मेण लावलं. स्की भरधाव घसरावी म्हणून ते लावतात; आमच्या घरात स्की हाताशी आली की मेण लागतंच, दात घासल्यासारखं. मेण जिरवलं, खरवडलं, ब्रश मारला. बाकडं असं चमकलं की मी स्वतःच्याच प्रेमात पडले. त्यावर माणसं बसणार आहेत, हा किरकोळ मुद्दा डोक्यात आलाच नाही.

पहिला मान बाबाचा. तो ठेवणीतली पँट घालून, चिकनची ताटली घेऊन ऐटीत बसला आणि सुळ्ळकन निघाला. मी जन्मात कधी इतक्या वेगानं उतरले नव्हते. ताटली पाद्रीबाईंच्या पायाशी थांबली, बाबा तिच्याही पुढे.

"गावातली सगळ्यात वेगवान स्की!" प्रुइट आजोबा ओरडले. हॉल गडगडून हसला.

बाबानं जमिनीवरूनच बाकड्यावर बोट फिरवलं आणि वास घेतला. "निळं मेण? कडक थंडीतल्या बर्फाचं?"

"हो."

"वा! थर काय एकसारखा बसलाय गं!"

लोक गोड खात होते, तेव्हा मी गुडघ्यांवर बसून सँडपेपरनं मेण काढत होते आणि बाकड्याच्या पुढच्या पायांखाली पाचर ठोकत होते. शर्यतीनंतर मी गाडीत दार लावून रडते. आज सगळ्या गावासमोर फजिती होऊनही मला फक्त एवढंच दिसत होतं, की पुढचं बाकडं कसं करायचं.

"ऊठ आता, कोरिन," आई म्हणाली. "शनिवारी सकाळी सराव आहे."

"आई, बाबा, ऐका," मी भुसा झटकत म्हणाले. "यंदा मी शर्यतीत उतरणार नाही. शनिवारी मी प्रुइट आजोबांच्या कोठारात असेन. आणि बाबा, तुझ्या संघातल्या सगळ्या पोरांच्या स्कींना मेण मात्र मीच लावणार!"