लिलावाच्या दवंडीला वाजलेला ढोल

मी एक जुना ढोल आहे, मित्रांनो, आणि थोडा गर्विष्ठही. मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीने वर्गणी काढून मला गणपतीसाठी घेतलं. तेव्हापासून मला वाजवायचे ते काशीरामच. गिरणीत कामाला, मूळचे मालवणचे. त्यांची थाप पडली की चारही मजले खाली उतरत. एरवी मी ऑफिसच्या माळ्यावर धूळ खात पडे, पण गणपतीतल्या कौतुकावर माझं वर्ष निघे.

१९८४ साल होतं. संपात काशीरामांची नोकरी गेली होती. सोसायटीचं देणं थकत गेलं, प्रकरण वसुली अधिकाऱ्यांकडे गेलं आणि त्यांच्या घराचा लिलाव ठरला. लिलाव आधी ढोल वाजवून जाहीर करायची पद्धत होती. ती दवंडी द्यायला वसुलीचे साहेब आले, त्यांचा ढोलवाला मात्र आलाच नाही. मग सेक्रेटरी भाऊरावांनी मला माळ्यावरून काढलं आणि स्वतःच बडवायला लागले. इतका अपमान माझा कधी झाला नव्हता.

काशीराम दारात उभे होते. त्यांना ते ऐकवेना.

"सोडा तो. ढोल माझ्या हाताचो आसा, मीच वाजवतंय."

त्यांनी मला गळ्यात अडकवलं. पण त्या हातांना दुसरं काय येत होतं? आरतीचाच ठेका पडला. मला रडू येत होतं, तरी आवाज झकास निघाला.

मग काय! मुलं नाचत उतरली, मागोमाग मोठी माणसंही. शेजारच्या शेवंतीबाई निरांजन लावून ताट घेऊन धावल्या. "आज कसली आरती रे, काशीराम?"

उत्तरादाखल साहेबांनी कागद वाचला. काशीरामांचं घर, पुढच्या महिन्यात लिलाव. मुलं नाचायची थांबली.

"तुझं घर? आणि आम्हाला सांगायचं नाही?"

"सांगूक लाज वाटली."

"भाऊराव, तुम्हाला तर माहीत होतं ना?"

"जिन्यात नोटीस लावली होती," भाऊराव पुटपुटले.

"नोटीस कोण वाचतं हो!"

शेवंतीबाईंनी ताटात पन्नासाची नोट टाकली आणि आरतीनंतर फिरवतात तसं ताट सगळ्यांसमोर फिरवलं. भाऊरावांनीही मान खाली घालून खिसा रिकामा केला. सगळं देणं काही त्यात फिटलं नाही. पण उरलेलं हप्त्यांनी घेऊ, असं भाऊरावांनी लिहून दिलं आणि लिलाव रद्द झाला.

त्या गणपतीत काशीरामांनी मला असं वाजवलं, की माझं एका बाजूचं कातडंच फाटलं. आता मी माळ्यावर उंदरांच्या सोबतीने असतो. तक्रार नाही, सुखात आहे. मित्रांनो, जमलं तर मला नवं कातडं बसवा, नाही बसवलं तरी चालेल. पण शेजारचं घर गप्प गप्प वाटलं, तर ढोल वाजायची वाट बघू नका. आधीच जाऊन त्याचं दार वाजवा.