थंड पाण्यातला चहा

माझ्या नवऱ्याच्या, रंगनाथच्या मते जगात कुणीच वाईट नसतं, मीच जास्त विचार करते. त्या हिशेबानं दमयंतीबाईही वाईट नाहीत. पण पहिल्याच भेटीत, कुणी विचारलेलं नसताना, बाई म्हणाल्या, "आमच्याकडे जातपात अजिबात नाही हं!" चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मी मात्र गप्प बसले, कारण प्रश्न माझ्या माधुरीचा होता. तिचं त्यांच्या अनीशशी लग्न ठरत होतं आणि त्याच घरात तिला मानानं नांदायचं होतं.

त्या भेटीला मी चहा नेला होता. बोधगयेहून पुढे दार्जिलिंगला गेले तेव्हा घेतलेला, अख्ख्या पानांचा, कापडी पिशवीत शिवलेला. मी चहाची वेडी, म्हणून दोन पिशव्या आणल्या. दुकानदारानं बजावलं होतं, हा चहा शेजारच्या वस्तूचा वास ओढून घेतो, जपून ठेवा. एक पिशवी आम्ही संपवली, दुसरी दमयंतीबाईंना दिली. पुढे फोनवर त्या दर वेळी म्हणायच्या, "यशोधराताई, रोज सकाळी तुमचाच चहा हो. काय सुवास!" मी हरखून जायचे. जामखेडात आमच्या अख्ख्या गल्लीला माझं ते सांगून झालं होतं.

एप्रिलात तारीख ठरवायला आम्ही तिघं पुन्हा त्यांच्याकडे गेलो, नगरला, सावेडीत. उन्हानं जीव नकोसा झाला होता. अनीश मोठ्या उत्साहानं फ्रीजमधून काचेची बाटली घेऊन आला. रात्रभर गार पाण्यात भिजवलेला चहा. दूध नाही, साखर नाही, गॅस नाही.

"काकू, तुमचाच दार्जिलिंग," तो म्हणाला. "उकळला की आलं-वेलदोड्यात सगळं झाकून जातं. असा भिजवला की खरा वास उतरतो."

रंग सोनेरी, सुरेख. मी पेला नाकाशी नेला आणि थबकले. डांबरगोळ्या. त्यांच्या मागून फिनेल. आमच्या पिशवीला फुलांचा वास होता, इतका मंद की मी डोळे मिटून प्यायचे.

"वेगळाच वास आहे ना?" अनीश म्हणाला. "आई, तुला सरप्राइज द्यायचं होतं. पण पिशवी स्वयंपाकघरात कुठेच सापडेना. शेवटी मागच्या गॅलरीत मिळाली. छबूबाईंचा कप ठेवतो ना आपण, त्या फळीवर, डांबरगोळ्या आणि फिनेलच्या कॅनमागे. शिवणसुद्धा उसवली नव्हती गं!"

छबूबाई म्हणजे त्यांच्याकडची धुणीभांडीवाली.

दमयंतीबाईंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "तिनंच नेऊन ठेवली असेल. या बायकांना कितीदा सांगायचं!"

रंगनाथनं हळूच माझ्या कोपराला हात लावला. "जाऊ दे गं," तो पुटपुटला. पण माझ्या अंगाची आग आग झाली होती.

"दमयंतीबाई," मी विचारलं, "मग रोज सकाळी कुठला चहा प्यायचात?"

अनीश आधी आईकडे आणि मग जमिनीकडे बघायला लागला. आता त्यालाही कळलं होतं. मला वाटलं, माधुरी उठेल. तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट, दूध नासायच्या आधी तिला समजतं. तिनं पेला उचलला, तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

"छान झालाय," ती म्हणाली. मग दमयंतीबाईंकडे बघून, पहिल्यांदाच त्यांना आई म्हणत, "आई, मला अजून थोडा द्या ना."

मला संताप आला, आणि तो दमयंतीबाईंवरचा नव्हता. माझ्या आजीनं छप्पन साली, बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हाच, लोकांच्या दारात मान खाली घालून गिळणं सोडलं होतं. तिला सहीसुद्धा करता येत नव्हती. आणि माझी इंजिनियर झालेली लेक हसऱ्या तोंडानं पेला पुढे धरून बसली होती. दमयंतीबाईंनी बाटली उचलली आणि तो काठोकाठ भरला.