दहावीच्या वर्गातला खिळा

मी एक जुना तक्ता आहे. कापडावर चिकटवलेला, वरखाली लाकडी दांडी असलेला. माझ्यावर माकडापासून माणसापर्यंत पाच आकृत्या एका रांगेत चालतात. मित्रांनो, त्यातली मधली

(इथे मी फाटलो आहे.)

हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या एका मराठी शाळेत मला वर्षातून एकदा बाहेर काढतात. वर्गात खिळा एकच. त्यावर सरस्वतीची तसबीर असते. ती उतरवायची, मला लावायचं. आजवर कुणाला काही वाटलं नाही.

यंदा वाटलं.

विज्ञानाच्या त्रिवेणीबाईंनी तसबीर काढून जमिनीवर ठेवली, मला लावलं. तिला रोज फूल वाहणारी शिल्पा उठली, तसबीर छातीशी धरून वर्गाबाहेर गेली.

"कायको रुसली? पूर्वजांचा फोटो बघून?" रितेश म्हणाला. वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. शिल्पाच्या आजोबांनी, लक्ष्मणरावांनी, हा धडा येतोय हे ऐकून कालच त्यांना शाळेच्या फाटकात बजावलं होतं, "पोरीच्या देवाला धक्का लागला तर तिचं नाव शाळेतून काढून घेईन."

बाई दारात गेल्या. "आत ये."

"नक्को बाई. हा तक्ता खरा, म्हणून देवी खाली?"

"नाही. मी विचार न करता ठेवली. चुकलं माझं."

"घरी सांगू?"

"सांग. हेही सांग की धडा मी पूर्ण शिकवणार. पुरावे समजून घे, ते परीक्षेत विचारीन. देवीबद्दल विचारणार नाही. ते तुझं."

"आणि पटलं नाही तर?"

"तर प्रश्न विचार."

बाईंनी मला उतरवलं, तसबीर पुन्हा लावली. माझ्या दांडीचं एक टोक रितेशच्या हातात दिलं. दुसरं कुणीच धरलं नाही. मी तिरपा लोंबत होतो. शिल्पा उंबरठ्यावरच. तिथूनच तिने विचारलं,

"बाई, माकडाचा माणूस झाला, तर माकडं उरली कशी?"

"कारण हा तक्ता चुकीचा आहे. रांग नव्हतीच, फांद्या होत्या. माकडं आपले आजोबा नव्हेत, लांबची चुलत भावंडं."

इतकी वर्षं मी मुलांना

(इथे मी फाटलेलो नाही. गप्प झालो.)

शिल्पा आत आली. तिने दुसरं टोक धरलं. रितेशकडे बघितलं नाही. मी सरळ झालो.

"फांद्या कुठून फुटल्या, दाखवा," ती म्हणाली.

मित्रांनो, मला जपा, असं मागणार होतो. आता वेगळं मागतो. पेन्सिल आणा, मला दुरुस्त करा. आणि कुणी दारात उभं असेल, तर त्याचा प्रश्न येईपर्यंत थांबा.