पाठमोरी तपासणी

डॉक्टरांनी लाहूला खांदे धरून दाराकडे वळवलं आणि स्वतः पाच पावलं मागे जाऊन उभे राहिले. मागून ते आकडे म्हणणार, लाहूने तेच परत म्हणायचे. दारात त्याची बायको शुक्री कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती.

आशागडच्या शाळेत माजी सैनिकांसाठी भरलेलं हे शिबिर म्हणजे लाहूची शेवटची आशा. सतरा वर्षं तोफांजवळ काढून तो रानशेतला परतला तो कान तिकडेच ठेवून. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज दोनदा परत आला होता. मागे येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही म्हणून चिकूच्या गोदामावरची राखणदारीही गेली होती. येताना शुक्रीने त्याला शंभरदा बजावलं होतं, डॉक्टर विचारतील त्याचं बरोबर सांग, चुकू नको. तपासणी म्हटली की पास व्हायचं, एवढंच बिचारीला ठाऊक.

"बासष्ट."

"बासष्ट, साब."

"सत्तावीस." डॉक्टर आता कुजबुजले.

"सत्तावीस, साब."

शुक्रीला कोण आनंद झाला. डॉक्टर मात्र कागद बाजूला सारत म्हणाले, "कान चांगले आहेत यांचे. कशाला हेलपाटे घालता, बाई?"

तेव्हा कुठे तिचं लक्ष लाहूच्या नजरेकडे गेलं. ती तिच्या तोंडावर खिळली होती. बारा वर्षं घरात हेच चाललं होतं. कोणी काही बोललं की शुक्री ते त्याच्यासमोर नुसत्या ओठांनी म्हणायची, चारचौघांत त्याचं हसं होऊ नये म्हणून. आता ओठ तिला विचारतही नसत.

"साहेब, अजून एकदा बोलून बघा ना," ती म्हणाली आणि तिने खालचा ओठ दातांखाली धरला.

डॉक्टर नाखुशीनेच बोलले. मग मोठ्याने बोलले. मग ओरडलेच; वऱ्हांड्यातली माणसं डोकावून पाहू लागली. लाहू ताठ उभा होता, हात मांड्यांना चिकटलेले, डोळे तिच्या तोंडावर. तिला त्याची फार दया आली, तरी तिने ओठ सोडला नाही.

बराच वेळ वाट पाहून तो डॉक्टरांकडे वळला.

"साब," तो ओशाळून म्हणाला, "ही बोलत नाय. आता मी काय सांगू?"